जिन्याखालचा होस्टा

होस्टा मी मारला. वर्षभर बायको समजत होती की, शेजारच्या चाचींनी दिलेल्या लेंडीखतातून गोगलगायी आल्या आणि झाड खाऊन गेल्या. तसं मीच तिला सांगितलं होतं.

मेहुणीनं बेंगळुरूहून होस्टाची कुंडी आणली, तेव्हा थंड हवेतलं हे शोभेचं झाड आमच्या नांदेडच्या उन्हात टिकायचं नाही, असं मी म्हणालो होतो. खरंच, उन्हाळ्यात त्याच्या रुंद पानांच्या कडा पापडासारख्या करपल्या. चाची बायकोला म्हणाल्या, "जिन्याखाली रांजणापाशी ठेव गं माय, तितं गारवा हाय." झाड सावरलं. चाचींनी आपल्या शेळ्यांचं जुनं खत घातलं. मग रोज सकाळी दोघी कुंडीपाशी वाकून नवं पान किती उलगडलं ते बघायच्या.

पावसाळ्यात पानांना भोकं पडली. खाली बघितलं तर देठाशी बिनशंखाच्या गोगलगायी, बोटभर लांब, एकमेकींवर लोळत होत्या. पानांवर वाळलेल्या शेंबडासारख्या चकाकत्या रेघा. मला अंगभर शिसारी आली.

"गुळाच्या पाण्यात भिजवून गोणपाट ठेवा. सकाळी त्याखाली गोळा होतील, त्या वेचा," असं सांगून बायको चार दिवस उदगीरला माहेरी गेली. सोयाबीनमध्ये आमच्याकडे असंच करतात, मला ठाऊक होतं. पण वेचायचं म्हणजे हात लावायचा. मी मिठाची अख्खी पिशवी कुंडीत उपडी केली.

त्या फेसाळल्या, आक्रसल्या आणि पिवळट, चिकट लाळ सोडत मातीत पसरल्या. मला तिथंच ओकारी झाली. मग मीठ धुऊन जावं म्हणून बादल्यांनी पाणी ओतलं. कुंडीचं तळाचं भोक बुजलंय, हे बघायलाही मी खाली वाकलो नाही.

बायको आली तोवर पानं आडवी पडली होती. तिनं ओढताच गड्डा हातात आला. काळा, लिबलिबीत. मेलेल्या घुशीसारखा वास सुटला.

"अहो, हे काय झालं?"

"चाचींच्या खतातून आल्या सगळ्या. मुळापासून खाल्लं."

बायको भांडली नाही. पुढच्या वेळी चाचींनी खताचं घमेलं आणलं, तेव्हा "नको, त्यात गोगलगायी असतात" एवढंच म्हणाली. चाचींचं जिन्यापाशी येणं बंद झालं.

यंदा पावसाआधी मी गच्चीवरून पाहिलं. चाची अंगणात बसून खत चाळणीनं चाळत होत्या, प्रत्येक ढेकूळ बोटांनी फोडत होत्या. खत न्यायला आलेल्या बाईला म्हणाल्या, "बिनघोर घे. एक बी किडा न्हाई. मागल्या साली माज्यामुळं ह्या शेजारनीचं झाड गेलं, तवापासून चाळल्याबिगर देत न्हाई."

गोगलगायींची वाटली नव्हती एवढी किळस मला स्वतःची वाटली. मी खाली उतरलो, बायकोला घेऊन त्यांच्या फाटकाशी गेलो.

चाचींनी मान वर केली नाही. "तुमाला न्हाई देनार सायेब. खत बी द्या आन् बोलनं बी खा, कोन सांगितलंय?"

"चाची, तुमच्या खतात काही नव्हतं. मी मीठ ओतलं, वर पाणी ओतलं, झाड कुजवलं आणि तुमचं नाव सांगितलं. हिच्याशीही खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."