साडूंचा फुलपाखरू मासा

समुद्रापासून शेकडो मैल लांब, नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या सोलापुरात राहून घरात समुद्र पाळणारा माणूस माझ्या सासरच्यांनी नेमका माझाच साडू म्हणून शोधून काढला होता. शाळेत चित्रकला शिकवणारे हे गृहस्थ दर महिन्याला मुंबईला जात आणि समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन परतत. दुष्काळाच्या साली तर स्टेशनापासून बायका घागरी घेऊन त्यांच्या मागे लागल्या. त्यांनी शांतपणे एकीला ओंजळभर पाणी चाखायला दिलं आणि पुढे चौकापर्यंत जे ऐकावं लागलं, तेही तितक्याच शांतपणे ऐकून घेतलं.

हा सगळा खटाटोप एका माशासाठी. पिवळाधमक, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला फुलपाखरू मासा. नाजूक इतका, की टाकीजवळ शिंकायला बंदी. तो जेवल्याशिवाय साडू जेवत नसत, आणि तो बहुधा जेवतच नसे. झिंग्याचे तांदळाएवढे तुकडे पुढे धरून ते त्याची तासन्‌तास मनधरणी करीत. माझी बायको-मुलं दर रविवारी हा सोहळा बघायला तिकडे. परत आल्यावर बायको म्हणायची, "दाजींना कसला तरी छंद हाय की. तुमाला काय हाय?" मला कचेरीत कायमची नोकरी होती, पण ती छंदात धरत नसत. मीही चिडून बरणीत दोन गोल्डफिश आणले. ते टाकाल ते खायचे, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघेना.

एकदा मेव्हणी माहेरी असताना साडू पाणी आणायला निघाले आणि मासा माझ्यावर सोपवून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, हवेचा पंप बंद पडला. थोड्या वेळाने मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला. खरं सांगतो, क्षणभर मी नुसता बघत उभा राहिलो. मग शेजाऱ्यांचा सायकलचा पंप आणला, नळी पाण्यात सोडली आणि वीज येईपर्यंत हवा मारत बसलो. खांदे भरून आले. मासा सावरल्यावर सहज एक तुकडा पुढे केला. त्याने तो माझ्या बोटांतून घेतला. मग दुसरा. मग आणखी चार.

संध्याकाळी घरी जाऊन ही गोष्ट कशी तिखटमीठ लावून सांगायची, ते मी ठरवूनही टाकलं. तेवढ्यात साडू आले. कॅन खाली न ठेवताच त्यांनी दारातून विचारलं, "माझ्या मागं उपाशीच राहिला असंल ना?"

आवाजात काळजी होती, आणि काळजीच्या आड एक लहानशी आशाही.

"तोंड लावलं नाही," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा उजळला, की त्या उजेडाचाही मला हेवा वाटला. उन्हाळ्यात मासा गेला. पुढे काही वर्षांनी साडूही गेले. तो मासा माझ्या हातून जेवला होता, हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.