बोलावलेल्या प्राण्याला हुकूम

नियमांच्या बाबतीत मी खडूस आहे असं सगळे म्हणतात. म्हणोत. उज्जैनला माधव नगरच्या आमच्या घरात दर रविवारी दुपारी कागद-पेन्सिल आणि वीस बाजूंच्या फाशावर जी युद्धं व्हायची, ती मी चालवायचे. राक्षस माझे, जंगलं माझी, शेवटचा शब्दही माझाच. बँकेत दिवसभर कोण माझं ऐकतं?

माझी ताई लग्नाआधी ह्या खेळात मांत्रिक असायची. मंत्र म्हणून प्राणी बोलवायचा आणि त्याला लढवायचं. त्याचे नियम कडक. बोलावलेला प्राणी स्वतःच्या मनानं काहीच करत नाही. मांत्रिकाची पाळी झाली की लगेच त्याची, आणि तोंडून जो हुकूम निघेल तो तो शब्दशः पाळतो. मांत्रिकाला मार बसला तर फासा टाकायचा. आकडा कमी पडला की ध्यान तुटलं, आणि मग तो प्राणी जवळ जो असेल त्याच्यावर धावून जातो, अगदी मालकिणीवरही. ताई बिनधास्त हुकूम सोडायची, वर फाशात चीटिंगही करायची, आणि पकडलं की "चल हट!" म्हणायची.

लग्न होऊन ती पुण्याला गेली. दीड वर्षानं पहिल्यांदाच आठ दिवस राहायला आली, आणि रविवारी जीजाजी तिला न्यायला आले. संध्याकाळची गाडी होती. जेवणं झाल्यावर मीच म्हटलं, एक डाव होऊन जाऊ दे. जीजाजी हसत बसले. म्हणाले, "चला, बघू तुमचा पोरखेळ." त्यांना मी योद्धा दिला.

ताईनं अस्वल बोलावलं, आणि तिथूनच मला काहीतरी खटकायला लागलं. हुकूम द्यायच्या आधी ती दर वेळी जीजाजींकडे बघायची. अस्वलाला पुढे पाठवू? थांबवू? मला राग आला, आणि तोही तिचाच. म्हटलं, "अगं यार, अस्वल तुझं आहे ना!" ती ओशाळून हसली. फासा तिच्या हातातून दोनदा निसटला. जीजाजींनी तो उचलून तिच्यापुढे ठेवला, तशी ती खुर्ची सरकवून माझ्या बाजूला आली.

चौथ्या फेरीत जीजाजींचा योद्धा जखमी होऊन पडला. पाळी ताईची. ती अस्वलाला म्हणाली, "ह्यांना बघून घे."

आमच्या उज्जैनच्या मराठीत हे अगदी साधं आहे, हिंदीतलं 'देख लेना'. पाहुण्यांना बघून घे, दूध बघून घे, म्हणजे लक्ष ठेव, सांभाळ. तिकडे पुण्याला 'बघून घेईन' ही धमकी असते हे मला ठाऊक होतं, पण इथे कोण मनावर घेणार? जीजाजींचं हसू मात्र गेलं.

"मला?" ते हळूच म्हणाले. "मला बघून घे?"

"नाही हो, सांभाळ म्हणायचं होतं मला!" ताई उभीच राहिली. "आमच्याकडे तसं म्हणतात, आईशप्पथ. चुकलं माझं. चुकलं."

एका अस्वलापायी इतकी माफी? मी मूर्ख, मी तरीही गमतीतच विचारलं, "ताई, नियम म्हणजे नियम. कोणतं बघून घे धरू, उज्जैनचं की पुण्याचं?"

"पुण्याचं नको," ती म्हणाली. "पुण्याचं मी रोज ऐकते."

मी पेन्सिल खाली ठेवली. जीजाजी मोठ्यांदा हसले, घड्याळ बघितलं आणि तिला म्हणाले, "बॅग घे. गाडीत बोलू." आणि ताई खरंच बॅगेकडे वळली.

शप्पथ सांगते, आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते. तरी दारात जाऊन उभी राहिले. "जीजाजी, तुम्ही निघा. ताई येणार नाही."

"तिला विचार ना," ते म्हणाले.

मी विचारलं. ताईनं बॅग खाली ठेवली.

"मला नाही जायचं," ती म्हणाली, आणि बोलून होताच तिनं दोन्ही हातांनी आपलं डोकं झाकून घेतलं.