डावा पंख जड

बबनराव सोळंके यांचा अंगठा कधी स्वस्थ बसत नाही. जेवायला बसले की ताटाच्या कडेवरून फिरतो, कुणाच्या घरी गेले की कपाटाच्या दारावरून. चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी गाड्यांची दारं तपासली. पत्र्याची कड कुठे फुगली, कुठे चेपली, हे यंत्राच्या आधी त्यांच्या अंगठ्याला कळायचं. दार पास झालं की त्यावर 'ओके'चं हिरवं लेबल लागायचं, आणि एकदा ते लागलं की त्या दाराकडे पुन्हा कुणी बघायचं नाही, असा तिथला दंडक होता. बबनराव रिटायर झाले, पण दंडक काही रिटायर झाला नाही.

रिटायर झालेली माणसं सोसायटीचे चेअरमन होतात नाहीतर गुडघ्यांचं कौतुक करत बसतात. बबनरावांनी विमान बांधलं. खरंखुरं, पत्र्याचं, एकामागे एक अशा दोन सीटांचं. नकाशे मागवले, परवानग्यांसाठी चपला झिजवल्या आणि पुनावळ्यात मारुतरावांच्या शेडमध्ये नऊ वर्षं घालवली. मारुतरावांच्या शेताभोवती आता टॉवर उभे राहिलेत, पण शेड त्यांनी हौसेनं ठेवली होती. ते रोज येऊन पंखावर हात फिरवत आणि म्हणत, "सोळंके, उडंल का न्हाई ते ऱ्हाऊ द्या, पर पत्रा लई गुळगुळीत हाय!"

ते उडालंसुद्धा. दोन तासांच्या अंतरावर एक छोटी खासगी धावपट्टी होती, तिथे मार्गशीर्षातल्या एका रविवारी यशवंतराव घोरपडे नावाच्या निवृत्त वैमानिकानं ते एकट्यानं उडवलं. बबनराव खाली अक्षरशः उड्या मारत होते, आणि त्यांच्या पत्नी सुभद्राबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. विमान उतरलं तेव्हा यशवंतराव खांदा चोळत बाहेर आले.

"झकास उडतं, बबनराव. पण डावा पंख जड आहे. हात जरा सैल सोडला की डावीकडे कलतं. सगळा वेळ दांडा उजवीकडे दाबून धरावा लागला. हे सरळ होत नाही तोवर मागच्या सीटवर कुणालाही बसवणार नाही. तुम्हालाही नाही."

आणि यशवंतराव जानेवारीअखेर कायमचे मुलीकडे नागपूरला चालले होते. घरी बांधलेल्या विमानात बसायला तयार होणारा दुसरा वैमानिक काही रस्त्यावर पडलेला नव्हता. म्हणजे हातात चार रविवार होते. नऊ वर्षं जे विमान स्वतःच्या हातांनी बांधलं, ते दुसऱ्याला घेऊन उडेल आणि आपण मात्र खालीच राहू, हे बबनरावांना पटेना.

त्यांनी पंखांचा कोन मोजला, पुन्हा मोजला. बोल्ट काढून बसवले, दोन्ही टाक्यांतलं पेट्रोल सारखं केलं. दोन रविवार गेले, तिसराही गेला, आणि यशवंतराव प्रत्येक वेळी खांदा चोळतच उतरले. शेवटी बबनरावांनी एलेरॉन काढले. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी लांब पट्टी. विमान डावी-उजवीकडे कलवायला ती लागते. बिजागऱ्या घरी निवांत तपासाव्यात म्हणून दोन्ही पट्ट्या टेम्पोतून संत तुकाराम नगरच्या फ्लॅटमध्ये आल्या आणि पलंगावर जाऊन झोपल्या. बबनराव आणि सुभद्राबाई सतरंजीवर. पट्ट्यांच्या कडा मात्र त्यांनी तपासल्या नाहीत. त्यांच्यावर सप्टेंबरातच हिरवं लेबल लागलं होतं, स्वतःच्या हातचं.

शनिवारी दुपारी सुभद्राबाई फडकं घेऊन पट्ट्या पुसत होत्या.

"अगं बाई! खंडेनवमीच्या झेंडूची पाकळी अजून चिकटून हाय की इथं."

"खरवडू नकोस, पत्र्यावर ओरखडा येईल," म्हणत बबनराव उठले. पाकळी निघाली, आणि सवयीचा अंगठा डाव्या पट्टीच्या कडेवरून पुढे सरकला. सरकला आणि थांबला. कड दोन बोटांएवढी चपटी झाली होती. हातभर पुढे पुन्हा तशीच. पुढे आणखी एकदा. उजव्या पट्टीची कड मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत गोल होती.

"सुभद्रे, खंडेनवमीला मी शेडमधून नारळ आणायला गेलो होतो, तेव्हा या पट्टीला काय केलं होतंस?"

"काय करणार? हार बांधला. वाऱ्यानं उडायलता, मग तुमचे ते लोखंडी क्लॅम्प हायत की, त्यातले तीन लावले."

"किती आवळले?"

"पडू नयेत एवढे."

सुभद्राबाईंचं 'पडू नयेत एवढं' म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी लावलेलं लोणच्याच्या बरणीचं झाकण आजवर दुसऱ्या कुणाला उघडता आलेलं नाही. बबनराव नकाशांबरोबर आलेलं पुस्तक काढून बसले. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: कड चेपली की ती पट्टी हवेत केसभर वर उचलली जाते आणि तो पंख खाली बसतो. बबनरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना. यंत्राची पूजा केली आणि यंत्रच वाकडं झालं!

सुभद्राबाईंना हसू आलं नाही. "म्हणजे माझ्यामुळं तुमचं बसायचं राहतंय?"

"राहतंय कशाला? क्लॅम्प आण."

चेपलेला पत्रा पुन्हा फुगवायला गेलं तर तो भेगाळतो, हे पत्रा दाबून घडवणाऱ्या प्रेसशॉपच्या माणसाला सांगावं लागत नाही. सोपा मार्ग एकच: उजवी कडही तेवढीच चेपायची. जास्त चेपली तर उजवा पंख जड, आणि मग रडत बसा. बबनरावांनी खुणा केल्या, क्लॅम्प लावले आणि बाजूला झाले.

"आता तूच आवळ. त्या दिवशी आवळलंस तेवढंच."

"मला कसं आठवणार?"

"तुला नसेल, तुझ्या हाताला असेल."

सुभद्राबाईंनी पदर खोचला आणि पूजेला बसल्यासारख्या गंभीर होऊन स्क्रू फिरवले. बबनरावांनी जाडी मोजायचं व्हर्नियर लावून बघितलं. पहिली जागा डावीइतकीच, दुसरीही तशीच. तिसरीला पाव फेरा आणखी लागला. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतका भरवशाचा हात आपल्या लाइनवर नव्हता, असं बबनराव मोठ्यानं म्हणाले.

पट्ट्या रातोरात पुन्हा पंखांवर बसल्या, आणि शेवटच्या रविवारी सकाळी यशवंतराव आधी एकटे गेले. धावपट्टीवरून कमी उंचीवर जाताना त्यांनी दोन्ही हात डोक्यावर धरून दाखवले. विमान आपलं आपण सरळ चाललं होतं. उतरल्यावर त्यांनी खांदा चोळला नाही.

"चला, बसा. दहानंतर वारा सुटेल, म्हणून एकच फेरी."

सुभद्राबाईंनी नवऱ्याच्या कानांना मफलर गुंडाळला, पडू नये एवढा. विमान उठलं, लहान झालं आणि पंधरा मिनिटांनी परत आलं. बबनराव उतरले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"काय काय दिसलं वरून?" सुभद्राबाईंनी विचारलं. "नदी दिसली? मी हात केला तो दिसला?"

बबनराव गोंधळले. मग ओशाळून म्हणाले, "डावा पंख बघत होतो. सगळा वेळ. एकदासुद्धा खाली गेला नाही गं."

"कर्म माझं! लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाबी असंच. सगळे टाळ्या वाजवायलते, आणि तुम्ही माझ्याकडं बघायचं सोडून मांडवाच्या खांबाकडं."

"तो तिरका होता," बबनराव हळूच म्हणाले.

"माहीत हाय," सुभद्राबाई त्यांचा मफलर सोडवत म्हणाल्या. "मलाबी दिसलता."