दाजींचा सुटलेला ब्रेक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. खरं सांगायचं तर मला भुतापेक्षा पालीची भीती जास्त. तरीही हे लिहितोय...

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, चाकणजवळच्या गावातले. कंपनीत पत्र्याच्या प्रेसवर ऑपरेटर. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आत सापडत नाही. पण प्रॉडक्शनच्या घाईत पोरं एक बटण पट्टीने बांधून ठेवतात. शेजारच्या मशीनवरचा बाळू हेच करायचा आणि दाजींच्या, म्हणजे त्याच्या अण्णांच्या, शिव्या खायचा.

दाजी कित्येक वर्षं घबराटीवरची गोळी घ्यायचे. यंदा घट बसले आणि त्यांनी ती एकदम बंद केली. "उपासाला नशेची गोळी न्हाई चालत," म्हणाले. कामावरही सुट्टी टाकली.

चौथ्या माळेला दुपारी मी रहाटणीहून फराळाचं घेऊन गेलो. दाजी घामाने निथळत होते, हात थरथरत होते. एकदम उठले आणि आरशावर मूठ हाणली. काचा, रक्त... ताईला ढकललं. आडवा गेलो तर मला भिंतीवर आपटलं. माझ्यासारखं पोतं, पण उचललं! चष्मा साबुदाण्यात, मी कपाटाच्या पायथ्याशी. माझा गळा आवळून ते ओरडले, "बाळ्या, हात काढ... हात काढ म्हणतो ना!"

मग कोसळले. अंग ताठ, झटके, तोंडाला फेस. शेजाऱ्याच्या टेम्पोतून दवाखाना गाठला. शिरेतून इंजेक्शन गेलं तेव्हा कुठे झटके थांबले.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं — मेंदूचा ब्रेक म्हणजे गॅबा नावाचं रसायन. ही गोळी गॅबाच्या रिसेप्टरवर बसून तो ब्रेक जास्त घट्ट लागू देते. रोज घेतली की मेंदू तिच्या भरवशावर राहतो. अचानक बंद केली की ब्रेक सुटतो. इंजेक्शनही त्याच जातीचं. "जीवच जायचा. बंद करायची तर आम्हाला विचारून, हळूहळू."

मला पटलं. भूत नाही, केमिस्ट्री.

संध्याकाळी बाळू दवाखान्यात आला, चेहरा पांढराफटक. दुपारी बटण बांधलेलं, एक हात आत, आणि दुसऱ्या हाताने चुकून बटण दाबलं जाणार इतक्यात... "अण्णा मागनं ओरडले राव. बाळ्या, हात काढ. मी आतला हात वढला अन् प्रेस खाली बसला. वळून बघतो तर मागं कुणीच न्हाई."

दाजींना काहीच आठवत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, गॅबाचं विचारा, सांगते. माझ्या गळ्यावरचे वळ दसऱ्यापर्यंत होते, एवढं खरं.

आणि बाळूने वाकून दाजींचे पाय धरले होते... दोन्ही हातांनी.