आधी चूळ, मग चाक

सगळी वस्ती तिला झडपकाकू म्हणायची. कापड रंगवायच्या कारखान्याचं पाणी आधी तळ्यात निवळायचं नि मग लोखंडी झडपेतून नदीकाठच्या पाणथळीत उतरायचं. झडप वस्तीची, तिचं चाक काकूच्या हाती. सासूने काम सोपवताना एकच रीत घालून दिली होती: आधी त्या पाण्याने चूळ भरायची, मगच चाक फिरवायचं. एकदा तिने नुसतं बघून पाणी सोडलं, तर पाणथळीतली मासळी पोट वर करून तरंगली. तेव्हापासून सासूचा डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता.

त्या दिवशी तळं काठोकाठ भरलं, तरी कारखान्याचा पाइप ओकतच होता. बांधाची माती ढासळायला लागली. काकूने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं नि लगेच थुंकून टाकलं. जीभ सोलल्यासारखी झाली.

"नाही सोडायचं."

समोर धाकट्या दिराचा मुलगा उभा, कारखान्यातला नवा मुकादम. सदरा घामाने अंगाला चिकटलेला. "काकू, बांध फुटला तर सगळंच खाली जाईल. थोडं थोडं सोडू."

"थोडं थोडं मारू म्हणतोस?"

"माझी नोकरी जाईल."

"मग यंत्रं बंद करायला सांग."

"कापड रंगात पडलंय. मालक सोलून काढेल मला. आणि तुमची जीभ म्हातारी झालीय, काकू. जरा झोंबलं की झालं विष."

"तुझी तरणी आहे ना? भर चूळ. तोंडात धरवली तर चाक तूच फिरव."

त्याने चूळ भरली. गाल फुगवून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी, मानेच्या शिरा ताठ, पण थुंकेना. हट्ट घराण्यातलाच. बांधाचं एक ढेकूळ घरंगळलं. त्याने चाकाला हात घातला. चाक कुरकुरलं, जरासं वळलं.

खाली पाणथळीत त्याची आई कमरेइतक्या पाण्यात लव्हाळे कापत होती. काकूने मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. त्याने पाहिलं.

तो वाकून भडाभडा ओकला. मग चाक उलटं फिरवून घट्ट आवळलं नि फोन लावला. ओठ सुजले होते, शब्द जाड येत होते. "यंत्रं बंद करा. हो, मीच सांगतोय. नुकसान घाला माझ्यावर."

पाइपची धार बारीक होत थांबली. दोघांनी फावडी उचलली नि बांधावर माती चढवली.

संध्याकाळी त्याला कामावरून काढल्याचा निरोप आला. काकूने त्याला ताट वाढलं, पण सुजलेल्या तोंडात घास जाईना.

"उद्या नवा मुकादम येईल, काकू. त्याची आई काही खाली लव्हाळे कापत नसेल."

काकू उठली. कोपऱ्यातली साखळी नि कुलूप उचलून ती झडपेकडे निघाली.