वारा उलटा असलेले रविवार

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला दर रविवारी सकाळी एक गृहस्थ माझ्या शेजारी गळ टाकून बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. डोक्याला मफलर, मांडीवर चिवड्याचा डबा आणि माझ्या प्रत्येक अपयशाला एक तयार कारण.

"वारा उलटाय हो आज." "काल पाणी सोडलंय, मासा बिथरलाय." एकदा तर म्हणाले, "संकष्टी ना आज! मासे पण उपास धरतात."

मला हे सगळं पटायचं. घरी बायकोलाही मी तेच ऐकवायचो आणि ती बाजारातली मासळी तळायची.

मागच्या महिन्यात चुकून माझ्या गळाला हातभर रोहू लागला. मी तर काठावर नाचलोच. त्यांनी माशाकडे पाहिलं, "छान" म्हणाले, डब्याचं झाकण लावलं आणि पलीकडे रिकामी पिशवी घेऊन बसलेल्या एका माणसाशेजारी जाऊन टेकले. थोड्या वेळाने तिकडून ऐकू आलं, "वारा उलटाय हो आज."

पुढच्या रविवारी मी गळाला गांडूळ लावलंच नाही. ते आले, माझा नुसता गळ पाण्यात जाताना त्यांनी नीट पाहिला, शेजारी बसले आणि डबा पुढे केला.

"वारा उलटाय हो आज."

झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.