एक खण रिकामा

रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी ठेवायचं हा मनुष्यस्वभाव आहे, आणि आमच्या ह्यांचे मावसभाऊ मनुष्य नव्हेत, हे मी कुठेही शपथेवर सांगेन! नव्वदीच्या दशकात हे भाऊजी रोह्याला आमच्या शेजारीच राहायचे. त्यांच्या जेवणाच्या डब्यातला एक कप्पा कायम रिकामा. कपाटातला एक खण रिकामा. नागोठण्याच्या एका लग्नात तर पंगतीत शेजारचं पान अडवून बसले. वाढपी तिष्ठतायत, माणसं उभी आहेत, आणि हे आपले त्या पानावर हात आडवा धरून! मी चिडून विचारलं, "कुणासाठी धरलंय हो?" तर म्हणतात, "ते अजून ठरलं नाय, वहिनी." आता बोला!

हे वेड रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीतून आलेलं, असं आम्ही धरून चाललो होतो. तिथे मुंबईच्या ऑफिसशी कॉम्प्युटर जोडणारी राउटर नावाची पेटी होती, आणि भाऊजी तिची लेकीसारखी काळजी घेत. त्या पेटीच्या पोटात फ्लॅश म्हणून मेमरी असते, वीज गेली तरी ती काही विसरत नाही. मी भाकऱ्या थापत असले की ओट्याशी उभे राहून मला शिकवायचे. "मिठागरात बांध घालून खण पाडतात ना, तसेच तिच्यात खण. पहिल्यात पेटीला जागं करणारा प्रोग्राम, त्याला हात लावायचा नाय. दुसऱ्यात रोजचं काम करणारा. तिसऱ्यात आपल्या सेटिंगी. आणि चौथा रिकामा! नवा प्रोग्राम आला की त्या रिकाम्यात उतरवायचा. तो चालला तरच जुना पुसायचा. फसला तर जुना हाय ना घरात." शिवाय तिथे एक अक्षर बदलायचं तरी आख्खा खण पुसावा लागतो म्हणे. माझी भाकरी करपायची, पण भाऊजींचा राउटर मला पाठ झाला.

घरातली मागची खोलीही अशीच रिकामी. एक खाट, गुंडाळलेली गादी, बस्स. त्यांच्या बायकोचा शिवणक्लास पडवीत चालायचा आणि पावसाळ्यात मशिनींवर प्लॅस्टिक टाकून मुली काजे करत बसायच्या, तरी खोली द्यायची नाही. ती कुणासाठी ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. पेणच्या खाडीकडच्या गावात भाऊजींचे वडील एकटे राहत. बांधाला खांड पडून खाडीचं पाणी आत घुसलं आणि त्यांचं मिठागर गेलं, पाठोपाठ भाऊजींची आईही गेली, पण म्हातारा हलेना. भाऊजी दर सणाला बोलवायला जायचे. "येईन रं. येवढं उधाण सरू दे," हे उत्तर ठरलेलं. उधाण काय, महिन्यातून दोनदा येतंच! भाऊजींनी कधी जबरदस्ती केली नाही. फक्त गादीला ऊन दाखवत राहिले.

मग एका पावसाळ्यात कंपनीत नवा प्रोग्राम आला, तो इतका लठ्ठ की रिकाम्या खणात मावेना. साहेब म्हणाले, जुना पुसा आणि दोन खणांचा एक करा. भाऊजींनी ते काम किती दिवस टाळलं असेल! शेवटी देवाला नारळ बोलून जुना पुसला, आणि नवा उतरेपर्यंत प्लगवर हात दाबून उभे राहिले. धाटावात, भर पावसात, वीज गेली नाही! पेटी सुरू झाली. भाऊजी पेढे घेऊनच घरी आले. "उगाच भीत व्हतो, वहिनी. जुनं पुसलं तरी चालतंय की!" त्याच जोशात त्यांनी खाट माळ्यावर चढवली आणि मशिनी स्वतः उचलून खोलीत मांडल्या. "चला, माणसांत आलात," मी म्हटलं. आम्ही सगळे किती हसलो त्या दिवशी.

गणपती गेले आणि एका दुपारी म्हातारा दारात उभा. काखेत घोंगडी, हातात पत्र्याची ट्रंक. भाऊजी शिफ्टला गेलेले, मी तिथेच ब्लाउज टाकायला आलेली. मशिनी धडधडत होत्या. म्हाताऱ्याने खोलीत डोकावून पाहिलं. सून लगबगीने उठली. "बाबा, ट्रंक द्या इकडं."

"नको गो. भेटायलाच आलेलो. बरं केलंत, खोली कामाला लागली."

भेटायला कोणी ट्रंक घेऊन येतं का? आम्ही दोघींनी हातापाया पडून पाहिलं, पण चहा पिऊन तो पुढच्या एस्टीने परत गेला. संध्याकाळी मी भाऊजींना सांगितलं. चपलाही न काढता ते आत गेले आणि एकेक मशीन बाहेर आणायला लागले. खाट ते एकटेच माळ्यावरून उतरवायला लागले, तेव्हा आमच्या ह्यांनी धावत जाऊन दुसरी बाजू धरली.

रविवारी आम्ही सगळे न्यायला गेलो. म्हातारा रागावला नव्हता, तेच वाईट. "नाय रं बाबा. निघायला लय बळ लागतं. येकदा गोळा केलेलं, ते सरलं." भाऊजी मान खाली घालून रडले. मीही रडले, लपवू कशाला?

जेवायची वेळ झाली. म्हाताऱ्याने आमचे पाट ओळीने मांडले, मग आपला मांडला, आणि आपल्या शेजारी आणखी एक. रोजच मांडत असावा, जमिनीवर दोन पाटांच्या खुणा उमटलेल्या होत्या. मी विचारलं, "काका, हा कुणासाठी?"

"ते अजून ठरलं नाय गो," म्हातारा म्हणाला.

भाऊजी ओळीतल्या आपल्या पाटावरून उठले आणि त्या पाटावर जाऊन बसले.